उच्छ्वासाचा हिशेब

योग मोजून पाहायचा, या जिद्दीतून स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झालं आणि उड्डियान करताना पोटातला दाब किती बदलतो, नौली करताना क्ष-किरणांत काय दिसतं, अशा गोष्टी त्यात आकड्यांनिशी छापून येऊ लागल्या. याच परंपरेत 1960 च्या दशकात करंबेळकर, विनेकर आणि भोळे या तिथल्या संशोधकांनी एक वेगळाच प्रश्न हाती घेतला. जमिनीत गाडून घेऊन समाधी लावणाऱ्या योग्यांच्या हकिकती तेव्हा गावोगाव सांगितल्या जात. पण साध्या मातीचा खड्डा हवाबंद नसतो, मातीतून हवा झिरपतच असते. म्हणून खरोखर हवाबंद असलेल्या खड्ड्यात माणसं बसवायची आणि आतल्या हवेचं व त्या माणसांचं काय होतं ते पाहायचं, असा हा प्रयोग होता. त्याचा निबंध 1968 साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला. योगाच्या इतिहासात त्याची नोंद होते, आणि ती व्हायलाच हवी. पण मला तो आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. माणसाला बंद डब्यात घालून महिनोन्‌महिने अवकाशात पाठवायचं तर त्या डब्याची आखणी कुठून सुरू करावी, या प्रश्नाचा पहिला धागा मावळातल्या त्या खड्ड्यात सापडतो.

खड्ड्यात बसलेल्या माणसाला आधी काय कमी पडेल, असं कुणालाही विचारलं तर उत्तर येईल: ऑक्सिजन. हिशेब मांडला की हे उत्तर चुकतं. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशी एक पक्की हवाबंद खोली घेऊ. तिच्यात दहा हजार लिटर हवा मावते. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन घेतो आणि त्याहून थोडा कमी, सुमारे 0.2 लिटर, कार्बन डायऑक्साइड सोडतो. चोवीस तासांत त्याने साडेतीनशे लिटरच्या आसपास ऑक्सिजन संपवलेला असतो, म्हणजे 21 टक्क्यांवरून तो साडेसतरापर्यंत उतरतो. समुद्रसपाटीच्या हिशेबाने ही हवा महाबळेश्वरच्या हवेहून किंचितच विरळ आहे, आणि महाबळेश्वरला तर लोक हवापालटाला जातात. पण तेवढ्याच वेळात कार्बन डायऑक्साइड 0.04 टक्क्यांवरून जवळपास तीन टक्क्यांवर पोचतो, बाहेरच्या सत्तर पट. त्या हवेत डोकं ठणकू लागतं, श्वास आपोआप जोरात चालू होतो, विचार जड होतात. आणखी काही तास गेले की माणसाला तिथे बसवत नाही. ऑक्सिजन अजून पुरेसा असतो, तरी दार उघडावं लागतं. आपण घेतो ते संपण्याच्या कितीतरी आधी आपण सोडतो ते आपल्याला घेरतं.

दीर्घ मुक्कामाच्या अवकाशयानाची सारी विद्या मला या एका वाक्यात दिसते. अशा घराची आखणी माणसाला काय लागतं यापासून सुरू करून भागत नाही. माणूस काय बाहेर टाकतो, इथून ती सुरू करावी लागते. पुरवठा कठीण असतो हे खरंच, पण बाहेर पडलेलं उचलून नेणं त्याहून कठीण असतं आणि आराखडे त्याच्यापाशी येऊनच अडतात. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 च्या वाटेत ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तिघा अंतराळवीरांनी चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात आसरा घेतला. ते यान दोघांना जेमतेम दोन दिवस पुरावं असं बांधलेलं होतं. तरीही त्यात ऑक्सिजन भरपूर होता. जीव टांगणीला लागला तो कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या लिथियम हायड्रॉक्साइडच्या डब्यांमुळे. छोट्या यानाचे डबे गोल, मुख्य यानातले शिल्लक डबे चौकोनी, आणि एकाच्या जागी दुसरा बसेना. शेवटी प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठ्याची वेष्टनं, कपड्यातल्या नळ्या आणि चिकटपट्टी यांचा जोड करून ते चौकोनी डबे चालवले गेले. चंद्रापर्यंत माणूस नेणाऱ्या देशाच्या तीन जिवांचा प्रश्न उच्छ्वास शोषणाऱ्या डब्याच्या आकारावर येऊन ठेपला होता.

उच्छ्वासाबरोबर इतरही बरंच काही बाहेर पडत असतं. बसल्या जागी माणूस जुन्या शंभर वॉटच्या बल्बइतकी उष्णता देतो. अवकाश थंड आहे, तेव्हा यान आपोआप गार राहत असेल, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात भोवतीची निर्वात पोकळी थर्मासच्या दोन भिंतींमधल्या पोकळीसारखं काम करते आणि आतली ऊब आतच कोंडते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या छायाचित्रांत काळसर सौर पंखांशेजारी पांढऱ्या घड्यांचे मोठे पत्रे दिसतात, ते ही ऊब बाहेर फेकण्यासाठी आहेत. त्यांच्या नळ्यांतून अमोनिया फिरतो. श्वासातून आणि घामातून निघणारा दमटपणा हवेतून काढला नाही तर तो थंड भिंतींवर बसतो आणि बुरशी धरतो. मावळातल्या जुलै महिन्यात कपाटातले कपडे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यात वजनरहित अवस्थेची एक विलक्षण अडचण आहे. पृथ्वीवर उच्छ्वासाची हवा गरम म्हणून हलकी असते, ती वर जाते आणि तिची जागा ताजी हवा घेते. वर-खाली हा भेदच जिथे नाही तिथे ही हालचाल थांबते. झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याचाच उच्छ्वास साचून राहू शकतो. म्हणून स्थानकावर झोपायच्या कप्प्यातसुद्धा हवा खेळती ठेवणारा पंखा लागतोच. पृथ्वीवर हे काम गुरुत्वाकर्षण फुकट करत होतं, हे तिथे गेल्यावर कळतं.

फुकट होणाऱ्या कामांचा विचार केला की मावळाकडे नव्याने पाहावंसं वाटतं. दीर्घ मुक्कामाची घरं बांधण्याचा अनुभव या टापूला दोन हजार वर्षांचा आहे. कार्ले, भाजे, बेडसे इथली लेणी ही पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहावं म्हणून कोरलेली वसतिस्थानं आहेत. भाज्याच्या विहारात कातळातूनच सोडलेले झोपायचे ओटे आहेत. आवाराच्या कडेने पाण्याच्या टाक्या खोदलेल्या आहेत आणि त्यांना शिलालेखांत ‘पोढी’ हा शब्द आहे. भाज्याला महारठी विण्हुदत्ताने एक पोढी दान दिली, बेडशाच्या टाक्यावरच्या लेखात महारठिनी सामडिनिका या दानकर्तीचं नाव कोरलं आहे. दान काय द्यायचं याची जाण त्या काळच्या मोठ्या घरांना नेमकी होती. समोरच्याच लोहगड-विसापूरच्या माथ्यावर तीच काळजी टाक्यांच्या आणि कोठारांच्या रूपाने दिसते. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ तर गड बांधायच्या आधी पाणी पाहा असं बजावतं, आणि एका झऱ्यावर विसंबू नका, लढाईत तोफांच्या दणक्याने झरा आटू शकतो, म्हणून टाकी बांधून पाणी राखून ठेवा, असंही सांगतं. एका साधनाला दुसरं साधन जोडून ठेवण्याचा हा विचार आज यानाच्या प्रत्येक यंत्रणेत असतो. प्राणवायूची एक सोय बंद पडली तर दुसरी, दुसरी पडली तर तिसरी.

एवढ्यावरून ‘आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं’ असं म्हणण्याचा मोह होईल. तो आवरायला हवा, कारण त्यातली खरी शिकवण निसटते. विहार कोरणाऱ्यांनी आणि गड बांधणाऱ्यांनी हिशेबाची एकच बाजू सांभाळली: आत काय यायला हवं. पाणी, धान्य, सरपण, उजेड. दुसरी बाजू सांभाळायची त्यांना गरजच नव्हती. विहाराचा दर्शनी भाग उघडा आहे, कार्ल्याच्या चैत्यगृहाला तर कमानीचं प्रचंड गवाक्षच आहे. धूर वाऱ्याने नेला, मैला-सांडपाणी पावसाने धुऊन दरीत नेलं, उच्छ्वास समोरच्या झाडांनी घेतला. माणसाने आजवर बांधलेल्या प्रत्येक घराला असा एक अदृश्य गडी होता आणि त्याचं वेतन कुणी मोजलं नव्हतं. अवकाशयान हे असं घर आहे की ज्याच्या दारात तो गडी येत नाही. तेव्हा जुन्या घरांकडून घ्यायचं ते पुरवठ्याचं शहाणपण, आणि त्यांच्याकडे पाहून ओळखायचा तो आपल्या हिशेबातला रिकामा रकाना.

हा रकाना भरायला लागलं की आकडे किती बदलतात ते पाहा. मंगळावर जाऊन परत यायचं म्हणजे ग्रहांच्या जागा जुळण्याची वाट पाहण्यासकट साधारण अडीच वर्षं, नऊशे दिवस. चौघांना पिण्याला, जेवणाला आणि अगदी जेमतेम स्वच्छतेला माणशी रोज साडेतीन लिटर पाणी धरलं तरी साडेबारा हजार लिटर होतं. उन्हाळ्यात सोसायट्यांत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर भरून वर आणखी पाव टँकर. एवढं पाणी पृथ्वीवरून मंगळापर्यंत ओढत नेणं परवडणारं नाही. पण हेच पाणी लघवी, घाम आणि श्वासाचा दमटपणा या रूपाने पुन्हा बाहेर येतच असतं. ते गोळा करून शुद्ध करण्यात नासाने 2023 साली स्थानकावर 98 टक्क्यांपर्यंत मजल मारली. या प्रमाणाने वर काढलेल्या गरजेतली तूट अडीचशे लिटरवर येते, दीड पिंपभर. कार्बन डायऑक्साइडचंही असंच आहे. माणूस कामाच्या दिवसाला साधारण एक किलो तो वायू सोडतो आणि तो शोषायला एक किलोहून थोडं अधिक लिथियम हायड्रॉक्साइड खर्ची पडतं. थोड्या दिवसांच्या फेरीला हे चालून जातं, अपोलोला तसंच चाललं. नऊशे दिवसांना चार माणसांसाठी ते चार टनांच्या घरात जाईल. म्हणून स्थानकावर झिओलाइट नावाचं खनिज वापरतात. ते हा वायू धरून ठेवतं आणि तापवून पोकळीकडे उघडलं की सोडून देतं, पुन्हा धरायला मोकळं होतं. त्याहून पुढे जाऊन त्या वायूची हायड्रोजनशी गाठ घातली तर पाणी मिळतं, पाण्यातून ऑक्सिजन मिळतो. बाहेर टाकलेलं हेच पुरवठ्याचं उगमस्थान होतं. एवढं करूनही स्थानकावरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या सुमारे दहापट असतो आणि त्यापायी डोकेदुखीच्या तक्रारी येतात. जगातली सगळ्यात महागडी इमारत आहे ती, तरीही.

मग यंत्रं कशाला, झाडं लावा, असं सुचवणारे पुष्कळ असतात. सूचना मनाला भावणारी आहे आणि ती मोठ्या प्रमाणावर करून पाहिली गेली आहे. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात ‘बायोस्फिअर 2’ नावाच्या काचेच्या बंदिस्त वास्तूत छोटं जंगल, शेत, पाणथळ, अगदी लहानसा समुद्र उभारून 1991 ते 1993 अशी दोन वर्षं आठ माणसं राहिली. काही महिन्यांतच आतला ऑक्सिजन घटू लागला आणि 14 टक्क्यांच्या जवळ आला. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. शोध घेतल्यावर कारण हाती आलं. पीक चांगलं यावं म्हणून भरपूर सेंद्रिय खत घातलेली माती होती, तिच्यातले सूक्ष्मजीव ऑक्सिजन खात होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांपर्यंत पोचायच्या आधीच नव्या बांधकामातलं काँक्रीट शोषून घेत होतं. आठ माणसांचा हिशेब मांडला गेला होता, मातीच्या श्वासाचा आणि भिंतींच्या भुकेचा राहून गेला होता. झाडं नकोत असा याचा अर्थ मी काढत नाही. दीर्घ प्रवासात ताजी भाजी आणि डोळ्यांना हिरवं हवंच. पण झाडही श्वास घेतं, कुंडीतली मातीही घेते, तेव्हा त्यांचीही नावं यादीत माणसांच्या खाली लिहावी लागतात.

माणूस बाहेर टाकतो त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्याही गोष्टी असतात: आवाज, चिडचिड, घोरणं, एकच गोष्ट दहाव्यांदा सांगण्याची सवय. यांना शोषणारा डबा अजून निघालेला नाही. मॉस्कोत 2010-11 साली सहा जणांनी बंद कक्षात 520 दिवस मंगळयात्रेची तालीम केली, तेव्हा काहींच्या झोपेची घडी विस्कटली आणि एकूण हालचाल मंदावत गेली. इथे मात्र विहाराची रचना आजच्या आराखड्याच्या अगदी जवळ येते. मधे सर्वांचा मोठा कक्ष, त्याच्या तिन्ही अंगांना एकेकाची खोली. बेडशाच्या विहारात हे फार सुंदर दिसतं. गोलाकार पाठ असलेला, पिंपासारख्या छताचा दालनकक्ष आणि त्याच्या भिंतीत कोरलेल्या खोल्या. खोली आत जाऊन एकट्याने बसण्यापुरती, बाहेर पडलं की लगेच सगळे समोर. एकांत आणि सोबत यांच्यामध्ये एक उंबरठा, बस. अवकाश स्थानकावर प्रत्येकाला टेलिफोन बूथएवढा कप्पा असतो आणि तो काढून घेतला तर जागा वाचेल, असं कुणी अभियंता म्हणाला तर त्याला बेडसे दाखवावं. अख्खा डोंगर हाताशी असूनही त्या कारागिरांनी खोल्या लहानच ठेवल्या, पण प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार दिलं.

लोणावळ्याच्या संदर्भात एक आक्षेप हटकून येणार आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. योगाने माणसाची गरजच कमी करता येत असेल तर इतका खटाटोप कशासाठी? या आक्षेपाला आधार आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी 1961 साली रामानंद योगींना हवाबंद पेटीत बसवून मोजमापं घेतली, तेव्हा त्यांचा ऑक्सिजनचा वापर शरीराच्या विश्रांतीच्या गरजेहूनही खाली गेल्याचं आढळलं. ही गोष्ट थक्क करणारी आहे आणि ती मोजून सिद्ध केलेली आहे, म्हणून तिचं मोल जास्त. पण ती निश्चल बसलेल्या, वर्षानुवर्षं साधना केलेल्या एका माणसाची, काही तासांची गोष्ट आहे. यानातला माणूस निश्चल बसू शकत नाही. वजनरहित अवस्थेत हाडं आणि स्नायू झिजतात, म्हणून त्याला रोज दोन-दोन तास व्यायाम करावा लागतो. व्यायाम करणारा माणूस शांत बसलेल्याच्या कित्येक पट वायू, घाम आणि उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे शरीर टिकवायचं तर उच्छ्वास वाढवावाच लागतो. राकेश शर्मांनी 1984 साली सॅल्युत 7 या अवकाश स्थानकावर योगासनांचे प्रयोग केले. मन स्थिर ठेवायला, झोपेला, चिडचिडीला योगाची मदत होऊ शकेल असं मला मनापासून वाटतं. पण यंत्रणेचा आकार योगाच्या भरवशावर लहान करणं म्हणजे गडावर टाकं न खोदता उपवासाच्या बळावर वेढा सोसणं.

दुसरा आक्षेप पैशाचा. माणूस अवकाशात पाठवण्याच्या भारताच्या गगनयान कार्यक्रमाचा एकूण खर्च 2024 मध्ये 20,193 कोटी रुपयांवर गेला. जमिनीवरची माणसं नीट श्वास घेत नसताना हा खर्च का, असं विचारणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. मात्र बंद जागेतला उच्छ्वास हा फक्त अंतराळवीरांचा प्रश्न राहिलेला नाही. दारं-खिडक्या लावून एसी चालवलेल्या शिकवणी वर्गात चाळीस मुलं तासभर बसतात तेव्हा काय साचतं, याचं गणित वरच्या खोलीचंच आहे. खाणी, पाणबुड्या, लांब बोगदे, शस्त्रक्रियेच्या खोल्या, सगळीकडे हाच हिशेब लागतो. खुद्द लोणावळ्यात नौदलाच्या आय.एन.एस. शिवाजीवर जहाजांच्या अभियंत्यांना शिकवलं जातं, आणि 2018 पासून तिथे ‘अभेद्य’ ही प्रशिक्षण सोय आहे. विषारी, जैविक किंवा किरणोत्सारी हल्ल्यात जहाज कसं सांभाळायचं याचा सराव तिथे होतो. बाहेरची हवा घातक असताना आत माणसांना जगवायचं, हा यानाचाच प्रश्न पाण्यावर आलेला.

हे ज्ञान उसनं मिळत नाही, याचा अनुभव आपल्याला येऊन गेला आहे. डिसेंबर 2023 मध्ये गोव्यात मनोहर पर्रीकर विज्ञान महोत्सवात बोलताना इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी मोकळेपणाने सांगितलं की आजवर आपण रॉकेट आणि उपग्रह बांधत आलो, यानातली हवा-पाणी सांभाळणारी जीवनरक्षक यंत्रणा बाहेरून मिळेल अशी अपेक्षा होती, पण कुणी द्यायला तयार नाही, तेव्हा ती आपणच घडवायची. गगनयानात तिला तिघांना तीन दिवस सांभाळायचं आहे. भारताचे अंतराळवीर शुभांशु शुक्ला 2025 च्या उन्हाळ्यात 18 दिवस ज्या स्थानकावर राहून आले, तिथली यंत्रणा दुसऱ्यांची होती. 2035 पर्यंत भारताचं स्वतःचं स्थानक उभं करायचं ठरलं आहे, तिथे मुक्काम जास्त दिवसांचा असेल आणि शोषक डबे भरून नेण्याची सोय पुरणार नाही. त्याच्या तयारीसाठी लडाखमध्ये 2024 पासून बंद निवाऱ्यांत राहण्याच्या तालमी सुरू झाल्या आहेत. थंडी, विरळ हवा आणि एकाकीपणा यांसाठी ती जागा उत्तम आहे. मात्र त्या निवाऱ्यांना भोवतीची हवा उपलब्ध असते. मला हवी आहे ती दुसरी तालीम, लोणावळ्याच्या जुन्या खड्ड्याची थोरली बहीण: चार माणसं, पक्की हवाबंद जागा, आधी एक दिवस, मग आठवडा, मग एक अख्खा पावसाळा. शरीर मोजणारे कैवल्यधामात आहेत, बंद जहाजाची हवा जाणणारे आय.एन.एस. शिवाजीवर आहेत आणि दोन्ही ठिकाणं एकाच गावच्या परिसरात आहेत. भिंतीवर एक फलक असावा, रोज सकाळी त्यावर आत किती गेलं ते लिहावं आणि शेजारच्या रकान्यात बाहेर किती आलं ते: वायू, पाणी, उष्णता, कचरा. चौघांपैकी कोण रात्री नीट झोपलं नाही, तेही.